आपल्या इमारतीतले आठ टब

मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, म्हणून संपादक मंडळाने मला सांगितले, "सर, स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." पण भूमिपूजन, पहिली सर्वसाधारण सभा, लिफ्टचे भांडण, बोअरवेल, सोलर हे सगळे याच अंकात इतरांनी लिहिले आहे, आणि फोटोंसकट लिहिले आहे. माझ्या वाट्याला राहिले बाथटब. हसू नका. त्यातल्या एका टबापायी मी दोन वर्षे शेजारधर्म बुडवला होता, आणि त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

नव्या सभासदांना कदाचित माहीत नसेल, की इमारत बांधली तेव्हा दोन्ही विंगांच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटना, तिसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत, बिल्डरने टब दिले होते. एकूण आठ. सगळे एकाच मापाचे, पाच फूट बाय अडीच फूट, फिक्या गुलाबी ॲक्रिलिकचे. माहितीपत्रकात टबात फेस आणि फेसात एक बाई होती. आम्ही २००० साली राहायला आलो तेव्हा पाहुण्यांना आधी टब दाखवायचो, मग देवघर.

टबात बसून आंघोळ मात्र फारशी कोणी केली नाही. त्याचे कारण साध्या गणितात आहे. टब बऱ्यापैकी भरायचा तर दोनशे लिटर पाणी लागते. सरकारी निकषाप्रमाणे शहरात माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे एका आंघोळीत दीड माणसाचे दिवसभराचे पाणी गेले. शिवाय बिल्डरने बसवलेला गीझर पंधरा लिटरचा. दोनशे लिटर पाणी अंगाला सोसेल इतके ऊन करायला साधारण साडेतीन युनिट वीज आणि पावणेदोन तास लागतात. तोवर आधीचे पाणी गार होते. मी एकदाच हा प्रयोग केला, २००१ च्या दिवाळीत. उटणे लावून टबात बसलो आणि कुडकुडत उठलो.

मग टबांनी आपापली कामे शोधली. पाणीकपातीत ते साठवणीच्या टाक्या झाले. गोधड्या त्यातच भिजल्या. एका घरात कासव होते. दोन टब नूतनीकरणात निघाले, एक भंगारात गेला. सहाव्या मजल्यावरचा एक गच्चीवर चढवला गेला आणि त्यात अळू लावला. त्या अळूच्या वड्या आपण सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. अमेरिकेत १८८३ साली कोलर नावाच्या कारखानदाराने जनावरांच्या लोखंडी डोणीला मुलामा चढवून, खाली चार पाय लावून ती माणसांच्या आंघोळीचा टब म्हणून विकली, असे त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. तिकडे डोणीचा टब झाला, आपल्याकडे टबाचा अळूचा वाफा. दोन्ही बाजूंनी हिशेब बरोबर.

पुण्याला पाण्याचा इतिहास काही कमी नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी नळातून शहरात आणले आणि पेठांतल्या हौदांत सोडले. पुढे १८७० च्या दशकात इंग्रजांनी खडकवासल्याचे धरण बांधले. तरी घरातली आंघोळ होती तशीच राहिली. बंबातले कढत पाणी घंगाळात, त्यात विसण, आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. आमच्या आजीचे तांब्याचे घंगाळ अजून माझ्याकडे आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा आमचा नदीकाठचा वाडा गेला. पाणी ओसरल्यावर आजोबांना चिखलात हे घंगाळ उपडे सापडले. त्याला एक पोचा आहे. बाकी वाड्यातले काहीच उरले नाही.

आता मूळ मुद्दा.

२०१८ च्या पावसाळ्यात २०३ च्या काकूंच्या, म्हणजे बरोब्बर माझ्या खालच्या, बाथरूमच्या छताला ओल आली. त्या वर येऊन म्हणाल्या, "सर, तुमच्या टबाखालून येतंय." मी म्हटले, शक्य नाही, ते डक्टमधून येते. यात माझा स्वार्थ होता, तो आता सांगायला हरकत नाही. उपविधींप्रमाणे बाहेरच्या गळतीचा खर्च सोसायटीने करायचा आणि संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा ज्याच्या त्याने. डक्टची गळती ठरली तर खर्च सगळ्यांचा, टबाची ठरली तर माझा. मी सभेत उभा राहून पुराव्यानिशी बोललो, पावसाच्या तारखा आणि ओलीच्या तारखा जुळवून दाखवल्या. शिक्षकाचे बोलणे लोक ऐकून घेतात. डक्टला सोसायटीच्या पैशाने प्लास्टर झाले, ओल तशीच राहिली, आणि काकूंनी माझ्याशी बोलणे सोडले. जिन्यात समोर आल्या तर भिंतीकडे बघायच्या. त्या सभेच्या इतिवृत्तात माझे म्हणणे नोंदलेले आहे. हा लेख त्याला जोडून वाचावा.

२०२० च्या जूनमध्ये काकूंच्या छताचा पोपडा पडला. काका तेव्हा नुकतेच ऑपरेशन होऊन घरी आले होते. पोपडा ते नेहमी बसायचे त्या स्टुलावर पडला. ते त्या वेळी तिथे नव्हते, एवढेच. काकूंनी तो पोपडा पिशवीत घालून माझ्या दाराच्या कडीला अडकवला. चिठ्ठी वगैरे काही नाही.

प्लंबर मिळणे शक्य नव्हते. आपला नेहमीचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाड्याचा, आणि टाळेबंदीत तो गावी गेलेला. देशभरात हे काम करणारे इतके लोक त्या एका जिल्ह्यातून का येतात, याचे मला कुतूहल होते. तिथे पट्टामुंडईला नळकामाची सरकारी संस्थाच आहे, आणि घरोघरी काका-मामांकडून पोरे हे काम शिकतात. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, आप खुद करो, मैं व्हिडिओ पे बताता हूँ." बासष्टाव्या वर्षी मी छिन्नी-हातोडी हातात घेतली.

टबाच्या पुढची टाइल लावलेली विटांची भिंत फोडली आणि आत बॅटरी मारली. इतिहासाच्या माणसाला याहून चांगले उत्खनन मिळणार नाही. सिमेंटची रिकामी गोणी, चहाचा काचेचा ग्लास, विटांचे तुकडे, आणि १९९९ सालच्या वर्तमानपत्राचे एक पान. टबाखाली मालाचा थर द्यायला हवा होता, म्हणजे तळाला सगळीकडून टेकू मिळतो. तिथे नुसत्या चार विटा होत्या. टब अधांतरी. पाणी भरले की ॲक्रिलिकचा तळ लवायचा, उपसले की वर यायचा. वीस वर्षे लवून लवून जाळीजवळ केसाएवढी चीर गेली होती. टबाचा पाइपही खालच्या पाइपात नुसता खुपसून वर सिमेंट थापलेले.

बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा फूटभर खाली असतो, आणि त्या खळग्यात विटांचे तुकडे घालून कोबा करतात. चिरेतून झिरपणारे पाणी त्या खळग्यात वर्षभरसुद्धा साचून राहते आणि मग खाली उतरते. म्हणजे मी जुळवलेल्या पावसाच्या तारखांना काही अर्थ नव्हता. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आहे, हे मी मुलांना दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. माझ्या स्वतःच्या टबाखाली तो नव्हता.

टब काढून टाकून सरळ फरशी का केली नाही, असे पुष्कळांनी विचारले. सगळी टाइल उखडायला गवंडी हवा होता, आणि तेव्हा तोही नव्हता. त्याच मापाचा टब मिळाला तर तो त्याच खाचेत बसणार होता, आणि तसा टब गच्चीवर होता. सहाव्या मजल्यावरच्या वहिनींनी अळू कुंड्यांत हलवायला दोन दिवस घेतले. टब लिफ्टमध्ये मावला नाही. मी आणि वॉचमन, तोंडाला मास्क लावून, तो डोक्यावर धरून जिन्याने उतरलो. बाथरूमच्या दारातून तो आडवा करून, पाय मोडेपर्यंत वाकून आत घालावा लागला.

आधी खळग्याचा वरचा कोबा सुकू दिला, चिरा भरल्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. जीआयचे पाइप गंजून आतून निम्मे बुजले होते, तेवढा भाग कापून सीपीव्हीसी जोडला. यात एक गोष्ट कळली. सीपीव्हीसीला सोल्यूशन लावल्यावर विचार करायला वेळ नसतो. एक एल्बो मी उलट्या दिशेला चिकटवला आणि तो कापून फेकावा लागला. टबाच्या पाण्याला आता नीट ट्रॅप दिला. ट्रॅप म्हणजे पाइपाला दिलेला वाक. त्यात थोडे पाणी कायम राहते आणि गटाराचा वास वर येत नाही. या युक्तीचे पेटंट १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतले. आणि आपल्याकडे बाथरूमच्या जमिनीतल्या ट्रॅपला सगळे प्लंबर आणि इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. ही आपली न्हाणीच. ओडिशाचा माणूससुद्धा फोनवर 'नहाणी, नहाणी' म्हणत होता, त्याचे मला उगाच बरे वाटले.

मालाचा थर दिला, टब दाबून बसवला, लेव्हल बघितली. आता पाणी भरून तपासायचे. प्लंबर म्हणाला, नीचे किसी को खड़ा करो.

खाली म्हणजे काकूंकडे.

मी तासभर फोन हातात घेऊन बसलो. शेवटी लावला. "काकू, टब बदलला आहे. चूक माझी होती. आता पाणी सोडतो आहे. तुम्ही छताकडे बघाल का?" पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, "थांबा, चष्मा घेते."

फोन चालूच ठेवला. मी नळ सोडला. त्या खाली स्टुलावर बसून बॅटरी मारत होत्या. "नाही... नाही... कोरडं आहे." टब भरला. ओव्हरफ्लोपर्यंत आला. "कोरडं आहे हो सर." मी बूच काढले. पाणी घरंगळत गेले आणि काकू ओरडल्या, "आलं! पाइपाच्या बाजूनं थेंब!"

जाळीखालच्या कपलिंगच्या आट्यांवर मी टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळली होती. आटे आवळताना ती सुटत गेली. परत खोलले, टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली, परत भरले. असे तीनदा. तिसऱ्या खेपेला रात्रीचे अकरा वाजले होते. मध्ये काकांचाही आवाज येत होता, "त्यांना म्हणावं वॉशर तपासा." दोन वर्षांत आमचे झाले नव्हते इतके बोलणे त्या एका दिवशी झाले, आणि सगळे थेंबाबद्दल.

शेवटी टब काठोकाठ भरून तसाच ठेवला आणि भरलेला असतानाच कडेने सिलिकॉन मारले. हे प्लंबरने आधीच बजावले होते. पाण्याच्या भाराने टब जितका खाली बसायचा तितका बसतो, मग सांधा उलत नाही. रिकाम्या टबाला सिलिकॉन मारले तर पहिल्याच आंघोळीत ते फाटते. कोणी करणार असेल तर एवढे लक्षात ठेवा. दोन दिवस पाणी तसेच ठेवले. काकू सकाळ-संध्याकाळ छताचा फोटो पाठवत होत्या. कोरडे छत, दुसरे काही नाही. असे चार फोटो माझ्याकडे अजून आहेत. त्यांच्या छताच्या प्लास्टरचे आणि रंगाचे पैसे मी दिले. सोसायटीने डक्टवर केलेल्या खर्चाचे काय करायचे, हे कमिटीने ठरवावे. मी तयार आहे.

त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती आले. विसर्जन घरीच करा, असे महापालिकेचे आवाहन होते. काकूंचा गणपती दीड दिवसांचा, आमचाही. २३ तारखेला संध्याकाळी त्या मूर्ती घेऊन वर आल्या आणि दारातच थांबल्या. टबात शाडू विरघळला तर सगळी माती ट्रॅपमध्ये जाऊन बसेल, हे आता आम्हा दोघांनाही कळत होते. मग मी आजीचे घंगाळ काढले, चिंचेने घासले, टबात ठेवले आणि पाण्याने भरले. आधी त्यांचा गणपती, मग आमचा. आरतीला काका व्हिडिओवर होते.

सकाळपर्यंत माती तळाशी बसली होती. ती काढून खालच्या जास्वंदीला घातली. काकू जाताना टबाच्या कडेवरून हात फिरवून म्हणाल्या, "सिलिकॉन जरा वाकडं लागलंय."