जुन्या इंजिनाची अनामत

लहानपणी सोडावॉटर आणायला गेलं की दुकानदार आधी रिकामी बाटली मागायचा. नसेल तर अनामत ठेवा! त्या अनामतीमागे केवढं गणित आहे, हे मला इथे अमिरातीत आल्यावर कळलं.

शारजाच्या औद्योगिक भागात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार आहे. आपला कुर्ल्याचा भंगारबाजार आठवा आणि कित्येक पट मोठा करा. पण हा माल 'जसा आहे तसा' विकतात. पुनर्निर्मित माल वेगळा. तो पूर्ण खोलतात, झिजलेले भाग बदलतात आणि नव्यासारखी चाचणी घेऊन हमीसह विकतात. अमेरिकेत कॅटरपिलरने हे काम १९७३ साली सुरू केलं. जुना भाग आणून द्या, अनामत परत घ्या, ही त्यातली रीत.

खरी अडचण नियोजनाची. जुना माल कधी, किती आणि कुठल्या अवस्थेत येईल ते सांगता येत नाही. नवीन किती घ्यायचे आणि दुरुस्त किती करायचे, याचं सूत्र डेव्हिड श्रेडी यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. पण त्यात सगळं ठरल्या दराने येतं असं गृहीत होतं.

एका जुलैत आमच्या इमारतीचा एसी कॉम्प्रेसर बसला. कारागिराने आठवड्याचा वायदा केला. उघडून पाहिला तर शाफ्टलाच तडा. तीन आठवडे घामात काढले! समजा, १०० दिरहमचे १० जुने नग घेतले आणि ७ च कामाचे निघाले, तर प्रत्येक नग सुमारे १४३ ला पडला. मजुरी आणि नवे भाग त्यापुढे. किंमत ठरते ती या ३ निकामी नगांवर.

आता इतिहास पाहा. जेबेल अली बंदर १९७९ चं, तिथलं मुक्त क्षेत्र १९८५ चं. वापरलेल्या गाड्यांच्या फेरनिर्यातीसाठी दुबईत 'डुकॅम्झ' हे क्षेत्र २००० साली आलं. म्हणजे सगळी घडी माल पुढे पाठवण्याची. आफ्रिकेला गेलेलं इंजिन इथे परत कशाला येईल? मग अनामत कोणाकडून घ्यायची?

आपल्याकडे उलट आहे. गाडी देशातच झिजते आणि इंजिन रिबोअर करणारे हात गल्लोगल्ली आहेत. हवी आहे ती लेखी हमी आणि सोडावॉटरवाल्याची शिस्त.