मॅथ्स की बायो?

मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल १८९४चं, सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७चं. मध्ये जेमतेम दहा किलोमीटर! सातारा जिल्ह्यात कराडला १९६० साली इंजिनिअरिंग आलं, १९८४ला मेडिकल. तरी बारावीला प्रश्न एकच: मॅथ्स की बायो?

बायोमेडिकल इंजिनिअरिंग म्हणतं, दोन्ही. ३१ ऑक्टोबर १९५७ला अमेरिकेत मिनिआपोलिसची वीज गेली, प्लगवर चालणारा पेसमेकर बंद पडला, एक लहान पेशंट दगावला. सर्जन लिलेहाय यांनी मग अर्ल बॅकनला गाठलं. हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचा. चार आठवड्यांत बॅटरीवरचा पेसमेकर तयार!

लोडशेडिंग भोगलेल्या आपल्याला यातलं मर्म वेगळं सांगायला नको. बॅकनला अडचण ठाऊक होती, कारण त्याचं हॉस्पिटलात रोजचं जाणं-येणं होतं. ही शाखा घेणाऱ्याने लॅबइतकंच वॉर्डातही उभं राहावं.