तोफांचे नांगर

किल्ल्यावर गेलो, की आम्ही आधी तोफ शोधतो. बुरूज रिकामा दिसला, तर तोफ शत्रूने नेली असावी, असे मनोमन गृहीत धरतो. कोल्हापूर संस्थानातील काही तोफांचा शेवट मात्र रणात नव्हे, ओतशाळेत झाला. आणि तोही छत्रपतींच्याच संमतीने.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते, या समजुतीमुळे त्यांचे नांगर प्रथम शेतकऱ्यांना नको होते. पुढे मागणी वाढली. पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंडाची आवक आटली. साकचीच्या टाटा कारखान्यातील पोलादही रूळ होऊन युद्धाकडे वळले.

ही अडचण समजण्यासाठी छोट्या ओतशाळेची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. तिची उभी भट्टी खनिजापासून लोखंड काढीत नाही. आयते लोखंड वितळवते. कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर रचून खालून हवेचा झोत सोडला, की सुमारे १२०० अंश सेल्सियसला बिडाचे पाणी होते. चुनखडीमुळे मळी वेगळी होऊन वर तरंगते. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. शिवाय या भट्टीत पोलाद टाकले, तरी ते कोकमधला कार्बन शोषून घेते आणि बाहेर पडते ते बीडच. तेव्हा भट्टी पेटती ठेवायची, तर कुठले तरी लोखंड हवेच. राजर्षी शाहू महाराजांनी निकामी पडलेल्या जुन्या तोफा त्यासाठी देऊ केल्या.

भाषा शिकवणाऱ्या आम्हांला हे वाचून प्रथम हळहळच वाटली. जुनी पोथी जाळून कोणी चूल पेटवली, तर आम्ही त्याला क्षमा करणार नाही. तोफेचा घाट, तिच्यावरचा लेख, ओतणाऱ्याची खूण, सारे त्या रसात विरून गेले. पण ज्या राज्याच्या संरक्षणाची सूत्रे इंग्रजांकडे होती, तेथे त्या तोफा कोणाचे रक्षण करीत होत्या? शेतकऱ्याला नांगर हवा होता, तो मिळाला. महाराजांच्या निर्णयाला इतिहासाची अनास्था म्हणायला आमची जीभ रेटत नाही. हानी झालीच नाही, असेही म्हणवत नाही. मात्र किल्ल्यांवरील तोफांची गणती करताना वितळलेल्या तोफांचीही नोंद व्हावी. एरवी रिकामा बुरूज पाहून आम्ही पुन्हा शत्रूचेच नाव घेऊ.