उपकाराचे वेतन : बेनिफिट सामन्याची कुळकथा

इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजलेला ‘बेनिफिट सामना’ म्हणजे व्यावसायिक खेळाडूच्या दीर्घ सेवेची दखल घेऊन क्लबने त्याच्या नावे लावलेला सामना. त्या सामन्याच्या तिकिटांचा गल्ला, खर्च वजा जाता, त्या खेळाडूच्या पदरात पडत असे. इंग्रजी रंगभूमीवर एखाद्या नटाच्या मदतीसाठी खेळ लावण्याची चाल त्याआधीपासूनच होती, आणि तीच पुढे क्रिकेटच्या मैदानावरही स्थिरावली.

ती इतकी का फोफावली, याचे उत्तर तत्कालीन क्रिकेटच्या वर्गव्यवस्थेत सापडते. पोटासाठी खेळणारा ‘प्लेअर’ आणि हौसेखातर खेळणारा ‘जंटलमन’ असे खेळाडूंचे दोन वर्ग 1962 च्या अखेरपर्यंत अधिकृतपणे पाळले जात होते, त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्याही बहुधा वेगळ्या असत, आणि व्यावसायिकाला उन्हाळ्यात मानधन मिळाले तरी हिवाळ्यात त्याला दुसरे काम शोधावे लागे. वेतनवाढीची मागणी क्लबांना रुचत नसे. 1896 साली ओव्हलच्या कसोटीपूर्वी पाच व्यावसायिकांनी 10 ऐवजी 20 पौंड मागितले, तेव्हा मागणी मान्य झाली नाही आणि त्यांपैकी तिघांना माघार घ्यावी लागली. बेनिफिट मात्र साधारणपणे दहा-एक वर्षांच्या सेवेनंतर, तेही हक्काने नव्हे तर समितीच्या मर्जीने मिळे, त्यामुळे वेतन तुटपुंजे ठेवूनही खेळाडूला क्लबशी आणि क्लबच्या शिस्तीशी बांधून ठेवता येत होते. यॉर्कशायरचे सर्वेसर्वा लॉर्ड हॉक तर बेनिफिटच्या रकमेचा दोन तृतीयांश भाग खेळाडूच्या हाती न देता क्लबमार्फत गुंतवून ठेवत. यात काळजी होती हे खरे, पण प्रौढ माणसाला त्याचेच पैसे सांभाळता येणार नाहीत हे गृहीतही त्यात होते.

शिवाय या उपकाराचा भरवसा पावसावर आणि खेळाच्या लहरीवर होता. मिडलसेक्सचा गोलंदाज अल्बर्ट ट्रॉट याने 1907 साली लॉर्ड्सवर स्वतःच्याच बेनिफिट सामन्यात सॉमरसेटचे चार फलंदाज लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले, आणि त्याच डावात पुढे हॅटट्रिकही साधली. या पराक्रमाने सामना लवकर आटोपला आणि उशिरा येणाऱ्या प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे बुडाले. सॉमरसेटच्या बर्टी ब्यूसच्या वाट्याला 1953 मध्ये याहून वाईट प्रसंग आला, कारण बाथच्या खेळपट्टीवर लँकेशायरविरुद्धचा त्याचा तीन दिवसांचा बेनिफिट सामना एकाच दिवसात संपला, आणि तो लवकर संपवण्यात सहा बळी घेणाऱ्या ब्यूसचाही हातभार होता. याच्या उलट, 1948 साली ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलियन संघ पाहुणा असताना लँकेशायरच्या सिरिल वॉशब्रुकला सुमारे 14,000 पौंड मिळाले. ट्रॉट आणि वॉशब्रुक यांच्या नशिबांतील हे अंतर केवळ गुणवत्तेचे नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याने या प्रथेला जी कृपादृष्टी दाखवली तीही लक्षणीय आहे. केंटचा फलंदाज जेम्स सीमूर याला 1920 च्या बेनिफिट सामन्यातून मिळालेल्या सुमारे 940 पौंडांवर प्राप्तिकर लागावा असा कर खात्याचा आग्रह होता. पण 1927 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रक्कम नोकरीचा मोबदला नसून चाहत्यांची वैयक्तिक भेट आहे, असा निकाल दिला. पुढे लँकेशायर लीगमध्ये खेळणाऱ्या ब्रूस डूलंड या ऑस्ट्रेलियन गोलंदाजाच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने उलट निर्णय दिला, कारण चांगल्या कामगिरीबद्दल मैदानात झोळी फिरवून वर्गणी गोळा करण्याचा त्याचा हक्क करारातच नोंदलेला होता. थोडक्यात, हक्क म्हणून मागितलेला पैसा करपात्र आणि उपकार म्हणून स्वीकारलेला करमुक्त असा विचित्र न्याय होता, आणि खेळाडूने हक्क न मागण्याला त्याने आर्थिक कारणही पुरवले.

भारतात ही प्रथा याच रूपात आली नाही, कारण येथे व्यावसायिक काउंटी क्रिकेट नव्हते. पुण्यात मैदानावरच्या चाकरीपासून सुरुवात करणाऱ्या पालवणकर बाळू यांना महिन्याला तीन-चार रुपये मिळत. पुढच्या पिढ्यांना मुंबईच्या कचेऱ्यांनी आधार दिला, म्हणजे अजित वाडेकर स्टेट बँकेत तर सुनील गावसकर निरलॉनमध्ये नोकरीला असत. विनू मंकड यांना खऱ्या अर्थाने व्यावसायिक करार मिळाला तो लँकेशायर लीगच्या हॅसलिंग्डन क्लबचा. भारताच्या 1952 च्या इंग्लंड दौऱ्यासाठी निवडीची हमी भारतीय क्रिकेट मंडळाने न दिल्याने ते त्या क्लबकडे होते, आणि ऐनवेळी बोलावणे आल्यावर लॉर्ड्सवर त्यांनी 72 व 184 धावा काढून पहिल्या डावात 73 षटके टाकली. 1983 च्या विश्वचषकानंतर मंडळाच्या तिजोरीत बक्षिसापुरतेही पैसे नव्हते, म्हणून दिल्लीत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. शारजात अब्दुल रहमान बुखातिर यांनी 1981 पासून भरवलेल्या सामन्यांनीही बेनिफिटचीच कल्पना, माजी खेळाडूंना थैल्या देण्याच्या रूपात, उपखंडात आणली.

आयपीएलमुळे मंडळ श्रीमंत झाल्यावर 2012 मध्ये माजी खेळाडूंना एकरकमी सानुग्रह रक्कम जाहीर झाली, आणि शंभरहून अधिक कसोटी खेळलेल्यांसाठी ती दीड कोटी रुपये होती. 131 कसोटी खेळलेल्या कपिल देव यांचे नाव मात्र पहिल्या यादीत नव्हते, कारण मंडळाची मान्यता नसलेल्या इंडियन क्रिकेट लीगशी त्यांचा संबंध होता. त्या लीगशी आपला संबंध संपल्याचे त्यांनी मंडळाला कळवल्यानंतरच त्यांना ही रक्कम देण्यात आली.