खुर्जी

दूरच्या प्रवासास निघालेला मोटारसायकलस्वार बैठकीवरून दोहों बाजूंस ज्या कापडी थैल्या टाकतो, त्यांस तो कोणत्याही विलायती नांवानें हांक मारो. त्यांचें मराठी नांव कित्येक पिढ्यांपूर्वींच ठरून गेलेलें आहे. तें नांव खुर्जी. हा शब्द फारशी ‘खुर्जीन’वरून आला आणि घोडेस्वारांच्या संगतीनें दक्षिणेंत रुळला. युरोपांत जिला ‘पॅनियर’ म्हणतात तिचें मूळ लॅटिन भाषेंतील पावाच्या टोपलींत आहे. गाडी नवी असली तरी तिच्यावर ओझें लादण्याची विद्या जुनी आहे, आणि ती विसरल्यामुळेंच पुष्कळ प्रवासी वाटेंत फजीत पावतात, असें आम्हांस वाटतें.

या विद्येचा विचार हिंगोलीच्या अनुषंगानें करणें सोयीचें आहे. परभणीपासून १९९९ सालीं वेगळा झालेला हा जिल्हा पूर्वीं निजामाच्या राज्यांत, वऱ्हाडच्या सीमेलगत होता. निजामाच्या खर्चानें व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं चालणाऱ्या फौजेचें, म्हणजे पुढें हैदराबाद कंटिन्जंट म्हणून प्रसिद्धीस आलेल्या लष्कराचें ठाणें हिंगोलीस होतें. तें १९०३ सालीं मोडलें. या फौजेंतील रिसाले शिलेदारी पद्धतीचे. बारगिरास घोडें सरकारांतून मिळे. शिलेदाराचें घोडें त्याचें स्वतःचें, खोगीर स्वतःचें, आणि खुर्जीही स्वतःची. सामान वेडेंवांकडें बांधून घोड्याची पाठ लागली, तर बुडाले ते त्याचे पैसे. मोटारसायकलवर फिरणारा गृहस्थ हा असा शिलेदारच होय.

त्याहून जुना धडा सभासदानें लिहून ठेवला आहे. शिवछत्रपतींचें लष्कर पावसाळ्यानंतर छावणींतून बाहेर पडे, तेव्हां प्रत्येकाजवळील जिनसांची याद होई, आणि परत आल्यावर त्या यादीशीं ताडून झडती घेतली जाई. हेतु अर्थात् लूट दडवूं नये हा होता. तथापि निघतांना काय घेतलें याचा कागद करण्याची ही रीत प्रवाशानें अवश्य उचलावी. परत आल्यावर जी वस्तु एकदांही बाहेर निघाली नाहीं, तिच्यावर काट मारावी. दोन सफरींत खुर्जी निम्मी होते. पानिपतच्या मोहिमेंत बुणग्यांच्या ओझ्यानें काय झालें, हें मराठी वाचकास सांगावयास नको.

लादण्याचे नियम मात्र लमाणांच्या बैलांकडून शिकावे. सतराव्या शतकांत ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशानें दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य व मीठ वाहतांना पाहिले. गोणी बैलाच्या पाठीवर आडवी पडे, आणि दोन्ही बाजूंचें वजन सारखें नसेल तर ती घसरे. मोटारसायकलचेंही तसेंच आहे. एका बाजूस हत्यारें व दुसऱ्या बाजूस सदरे, असें भरलें कीं गाडी सरळ रस्त्यावरही एका अंगास ओढूं लागते. जड वस्तु तळाशीं आणि स्वाराच्या पाठीकडे असाव्या; मागील आंसाच्या पलीकडे ओझें गेलें कीं पुढचें चाक हलकें पडतें व हातांतील मूठ थरथरते. थैली आणि चाक यांच्यामध्यें लोखंडी चौकट हवीच. सायलेन्सरपासून कापड दूर असावें, नाहीं तर पहिल्याच मुक्कामावर जळका वास येतो. पट्ट्याचीं लोंबतीं टोंकें तर साक्षात् यम समजावीं: एक टोंक सांखळींत वा चाकांत गेलें कीं चाक जागच्या जागीं अडकतें आणि स्वार रस्त्यावर पडतो.

आणखी एक गोष्ट जुन्या स्वारांस ठाऊक असे. तंग आवळतांना घोडा पोट फुगवून धरतो. म्हणून थोडें चालल्यावर तंग पुन्हां आवळावा लागतो. यंत्र पोट फुगवीत नाहीं, परंतु हादऱ्यांनीं थैलींतील सामान खालीं बसतें व पट्टे सैल पडतात. हिंगोलीहून औंढ्या नागनाथाकडे निघालेल्यानें पहिल्या दोन कोसांतच थांबून पट्टे पहावे. पावसाळ्यांत तोंड गुंडाळून बंद होणारी थैली घ्यावी, किंवा आंत निराळी जलाभेद्य पिशवी घालावी. काळ्या मातीचा चिखल कापडाच्या शिवणींत शिरला कीं सहजासहजीं निघत नाहीं.

आतां लोखंडी पेटी कीं कापडी थैली, हा वाद. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजी लष्करानें आपल्या मोटारसायकलींना कॅनव्हासच्या थैल्याच लाविल्या होत्या. पेट्यांचें व त्यांच्या चौकटींचें वजन मिळून सहज दहा किलोंच्या वर जातें, आणि खडबडीत वाटेंत चौकटीस चीर पडते. गाडी आडवी झाली तर थैली चेपते. पेटी चेपत नाहीं, आणि तिच्याखालीं पाय सांपडला तर मोडतो. आमचें मत थैलीच्या बाजूचें आहे. चोरीच्या बाबतींत मात्र पेटीचा पक्ष बळकट आहे, हें कबूल केलें पाहिजे. थैलीस कुलूप नाहीं. सुरी असली कीं काम झालें. यास्तव पैसे व कागदपत्रें अंगावर ठेवावीं, आणि मुक्कामास पोंचतांच थैली उतरून खोलींत न्यावी.

तथापि कुलुपावर आणि कागदावर किती विसंबावें, याविषयीं हिंगोलीचीच एक हकीकत आहे. मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेंत ती आली आहे. हिंगोलीच्या सदर बाजारांत हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी रहात असे. मुंबईहून कापड आणावयाचें आहे असें सांगून त्यानें कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडून परवाना घेतला. असें कापड घेऊन जवळच्याच एका गांवचा व्यापारी येत आहे, हें त्यास ठाऊक होतें. हरिसिंग हा ठगांचा म्होरक्या होता. त्यानें तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हांकणारे यांस वाटेंत ठार केलें, माल परवान्यानिशीं हिंगोलीस आणला, आणि छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच हें सांगितलें, तेंही एक उत्तम थट्टा म्हणून. तोंपर्यंत कोणासही संशय आला नव्हता.