सागवानी खोकी आणि बारा हजारांचे डबे

मागच्या दिवाळीला पुण्याहून दारव्ह्याला घरी गेलो तेव्हा फराळाच्या आधी बॅगेतून दोन स्पीकर निघाले. प्रत्येकी चपलेच्या खोक्यापेक्षा थोडे मोठे, आतच अ‍ॅम्प्लिफायर, जोडीची किंमत बारा हजार. बाबांनी ते उचलून बघितले, वजन घेतलं आणि म्हणाले, "हे डबडे कायले आणले रे? घरात स्पीकर नाहीत का?"

घरात स्पीकर आहेत. आजोबांनी १९७६ साली करून घेतलेले. अस्सल सागवान, गावातल्याच सुताराने बनवलेली दोन मोठी खोकी, आत आठ इंची कागदी कोन, पुढे विणलेली जाळी. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सागाची कमी कधीच नव्हती, त्यामुळे पलंग, दारं, देव्हारा आणि स्पीकर सगळं एकाच लाकडाचं. माझं लहानपण त्या खोक्यांवर पाय ठेवून खिडकीत चढण्यात गेलंय (आणि त्याबद्दल मार खाण्यात).

तर प्रश्न असा पडला की हे बारा हजारांचे डबडे त्या सागवानी खोक्यांना खरंच हरवू शकतील का? चार दिवस सुट्टी होती आणि डोक्यात इंजिनिअरिंगचा किडा. मग बसलो खणत.

मुळात स्पीकर हे यंत्र म्हातारं आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली आपला निबंध वाचला, आणि त्यातला स्पीकर म्हणजे जवळपास आजचाच स्पीकर: लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कोन. विजेबरोबर वेटोळं पुढेमागे हलतं, कोन हवा ढकलतो. माझ्या खिशातल्या फोनमध्येही मूळ तत्त्व हेच. मग शंभर वर्षांत बदललं काय?

आधी हे बघू की जुन्या स्पीकरला काम काय होतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायणाची छप्पन्न गाणी वर्षभर आठवड्याला एक अशी गेली. ही सगळी प्रसारणं मध्यम लहरींवर. तिथे दोन केंद्रांमधलं अंतर जेमतेम नऊ-दहा किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजातला पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग जवळपास कापलेलाच. झांजेची किणकिण रेडिओपर्यंत पोचतच नव्हती! पोचत होता तो माणसाचा गळा. आणि मोठा, हलका कागदी कोन नेमकं तेच काम झकास करतो. रेडिओतला अ‍ॅम्प्लिफायर असायचा तीन-चार वॅटचा, म्हणून कमी विजेत मोठा आवाज देणारा कोन हवाच होता.

हे वॅटचं गणित महत्त्वाचं आहे. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना मंडपावरचे भोंगे आठवत असतील. भोंगा थोड्याशा विजेत अख्खी गल्ली उठवतो, पण त्यातून डग्गा ऐकू येत नाही. स्पीकरच्या धंद्यात याला 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणतात: लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिघांतले दोनच मिळतील. आजोबांच्या काळात वीज, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट, महाग होते. म्हणून खोकं मोठं. आज वॅट कवडीमोल झालेत, म्हणून खोकं लहान. जुन्या मोठ्या कागदी कोनाला एका वॅटमध्ये ९२-९३ डेसिबल जमायचे. आजचे छोटे स्पीकर ८४-८५ वर अडतात. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते, म्हणजे नवीन डब्याला तेवढ्याच आवाजासाठी सुमारे सहा ते आठ पट वीज. पण ती आता फुकट असल्यासारखीच आहे.

हा सौदा पहिल्यांदा नीट केला एडगर व्हिल्चरने. १९५४ साली त्याच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ काढला. खोकं पूर्ण हवाबंद, आणि आत अडकलेली हवाच कोनाची स्प्रिंग. लहान खोक्यातून खरा खर्ज निघाला. पुढे १९६० च्या दशकात या कंपनीने रंगमंचावर जिवंत वादक आणि स्पीकर आलटून पालटून ऐकवायचे प्रयोग केले, आणि कधी कोण वाजतंय हे भल्याभल्यांना कळलं नाही. म्हणजे 'आता याहून चांगलं काय होणार' हे तेव्हाही वाटून झालंय.

पण माझ्या मते स्वस्त स्पीकरची खरी गोष्ट ऑस्ट्रेलियात सुरू होते. तोवर खोकं किती मोठं करायचं, भोक किती पाडायचं हा सगळा अनुभवाचा आणि अंदाजाचा मामला होता. नेव्हिल थील याने १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सूत्रात बसवलं. कोनाची लवचिकता, वजन, चुंबकाची ताकद असे मोजके आकडे काढा, आणि कोणत्या खोक्यात तो कसा वाजेल हे लाकूड कापायच्या आधी कागदावर सांगता येतं. आमच्या सुताराने खोकं बनवलं तेव्हा ही गणितं छापून झालेली होती. फक्त ती दारव्ह्याला पोचली नव्हती! त्याने माप घेतलं ते दिवाणखान्यातल्या कोनाड्याचं.

यात त्याचा काही दोष नाही. परदेशी माल आयातीच्या निर्बंधांमुळे आवाक्याबाहेर. देशात मंडप-सभांसाठी १९४० पासूनची आहुजा होती, घरच्या हाय-फायसाठी १९७० मध्ये कोलकात्यात सोनोडाइन सुरू झाली, पण तालुक्याच्या शिक्षकाला परवडायचा तो मेकॅनिक आणि सुतारच. आज तेच गणित संगणकावर मिनिटभरात होतं, मोजमाप करायचा मायक्रोफोन काही हजारांत येतो, आणि एकदा नीट बेतलेला डबा कारखाना लाखांनी काढतो. लोक म्हणतात नवीन माल स्वस्त म्हणून कच्चा. इथे उलटं आहे. महाग होतं ते ज्ञान, आणि तेच स्वस्त झालं.

आता सागवानाबद्दल. इथे यवतमाळकर म्हणून मला वाईट वाटतं, पण स्पीकरच्या खोक्याने स्वतः वाजायचं नसतं. सतार-तंबोऱ्याचं लाकूड गायलं पाहिजे, स्पीकरचं मुकं राहिलं पाहिजे. भरीव सागाची फळी आपला सूर मिसळते, आणि आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात व मग पावसाळ्यात आकसते-फुगते. भुशाचा एमडीएफ त्या बाबतीत मठ्ठ, म्हणून सरस. शिवाय वय कुणाला सुटलंय? पन्नास वर्षांत कागद सैलावतो, कडा कडक होतात. म्हणजे आज आपण 'जुना आवाज' म्हणून ऐकतो तो १९७६ चा आवाज नसतोच.

असो. भाऊबीजेला परीक्षा घेतली. मध्ये चादर बांधली, मागे बहीण तारा बदलायला, दोन्ही स्पीकरांचा आवाज फोनवर मोजून सारखा केला (जे मोठ्याने वाजतं ते चांगलं वाटतं, हा जुना सापळा). बारा फेऱ्या. बाबांनी आठ वेळा नवीन निवडला, चार वेळा जुना. मला वाटलं नव्याच्या वरच्या स्वरांनी बाजी मारली. मग त्यांना शिट्टीसारखे स्वर ऐकवले तर नऊ किलोहर्ट्झच्या आत त्यांचं ऐकणं थांबलं. साठीनंतर बहुतेकांचं असंच होतं. म्हणजे ती चमक त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. त्यांनी निवडलं ते डग्ग्यासाठी. "इथं बोट वेगळं कळते," म्हणाले. जुन्याला मिळालेल्या चारही फेऱ्या जुन्या मोनो भावगीतांच्या होत्या. तिथे नवीन स्पीकर खरखरही इमानदारीने ऐकवत होता, आणि जुना ती गिळून फक्त गळा पुढे ठेवत होता.

म्हणजे माझं उत्तर तयार: हो, हरवतो. फक्त जुना ज्या कामासाठी जन्मला ते काम सोडून.

निकाल सांगितला. बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "चादर बांधली म्हणून हरले ते. चादर काढ, मग सांगतो."

हसलो, पण रात्री आठवलं की हे तर शास्त्रच आहे. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीच्या चाळीस लोकांना चार स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग समोर ठेवून ऐकवले होते. पडद्याआड स्वस्त, छोट्या प्लॅस्टिकच्या संचाने मोठ्यांची बरोबरी केली. डोळ्यांना दिसल्यावर त्याचे गुण धडकन पडले. ही सगळी याच धंद्यातली माणसं होती, बरं का!

दुसऱ्या दिवशी चादर काढून पुन्हा बारा फेऱ्या घेतल्या. बाबांनी बाराच्या बारा सागवानाला दिल्या. बहिणीने शेवटच्या तीन फेऱ्यांत गुपचूप नवीनच वाजवला होता. आम्ही दोघांनीही त्यांना अजून सांगितलेलं नाही.