शंभर दिवसांचा उंबरठा : अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि त्यानंतरचे घर (थ्रेड)

१/ मार्च १९८३. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. भारतातील यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा इतिहास येथून सुरू होतो. मात्र प्रत्यारोपणाच्या दिवसाइतकेच महत्त्व त्यानंतरच्या महिन्यांना आहे.

२/ या उपचाराची पार्श्वभूमी अणुबाँबची. १९४५ मध्ये हिरोशिमा-नागासाकीत स्फोटातून वाचलेली अनेक माणसे काही आठवड्यांनी दगावली. किरणोत्साराने त्यांची अस्थिमज्जा, म्हणजे रक्त निर्माण करणारी ऊतीच, नष्ट झाली होती. नवी मज्जा देता येईल का, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला.

३/ अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस यांनी १९५७ मध्ये पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. सुरुवातीचे रुग्ण वाचले नाहीत. १९५८ मध्ये फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी पेशींवरील ‘ओळखखूण’ शोधली आणि जुळणारा दाता निवडण्याची वाट मोकळी झाली. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळाले.

४/ हे तंत्र मुंबईत आणणारे डॉ. सुरेश अडवाणी. बालपणी पोलिओ झाल्याने ते चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत. सिएटलला थॉमस यांच्या केंद्रात शिकून ते परतले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

५/ प्रत्यारोपण म्हटले की शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. येथे रुग्णावर तशी शस्त्रक्रिया होत नाही. तीव्र औषधांनी जुनी मज्जा नष्ट करतात व दात्याच्या मूळ पेशी रक्तासारख्या शिरेतून देतात. तो ‘शून्यावा दिवस’. पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर शरीर जवळजवळ निःशस्त्र असते.

६/ पुढचा टप्पा शंभरावा दिवस. दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू शकतात. म्हणून रुग्णालयाजवळ राहणे भाग पडते. दूरच्या कर्करुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आणि वांद्र्याच्या बोर्जेस होमने आसरा दिला. पुढे टाटाचा हा विभाग खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, गेला.

७/ त्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील कडाव. गणेशमंदिराचे आणि भातखाचरांचे गाव. अशा गावी परतणाऱ्या रुग्णासाठी ओळखीचे जगच धोक्याचे ठरते. ओल आलेली भिंत, पेंढ्याची उडवी, शेणखत, चिखल या साऱ्यांत बुरशी असते. निरोगी माणूस तिचे कण रोज श्वासातून घेतो, त्याला काही होत नाही. प्रत्यारोपण झालेल्याच्या फुप्फुसात तीच बुरशी प्राणघातक ठरू शकते. सारे घर लावणीला जाते, तेव्हा त्याने आत बसायचे असते.

८/ पाणी उकळलेले, अन्न ताजे व पूर्ण शिजलेले. कच्ची कोशिंबीर नाही, न तापवलेले दूध नाही. जत्रेची गर्दी नाही, लग्नाची पंगत नाही. शेतावर राबलेल्या माणसाला ही सक्तीची विश्रांती आजाराइतकीच जड जाते. थकवा कित्येक महिने राहतो. बाहेरून बरा दिसणारा माणूस आतून खचलेला असू शकतो.

९/ येथे इतिहासाची एक जखम आठवते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात. रुग्णांना घरांतून उचलून वेगळे ठेवण्यात आले. तेव्हापासून ‘वेगळे ठेवणे’ म्हणजे गावाला रुग्णापासून वाचवणे, हीच समजूत रुजली. प्रत्यारोपणानंतर दिशा नेमकी उलटी असते. येथे रुग्णाला गावापासून वाचवायचे असते. त्याचा कर्करोग कोणाला लागत नाही. आपला साधा खोकला मात्र त्याला लागू शकतो. हा फरक कळला नाही, तर काळजीचे रूपांतर बहिष्कारात होते.

१०/ नव्या रक्ताबरोबर काही गोष्टी पुन्हा आरंभापासून येतात. दात्याचा रक्तगट वेगळा असल्यास रुग्णाचा रक्तगट बदलतो. बालपणीच्या लसींचे संरक्षण ओसरते. म्हणून सहा ते बारा महिन्यांनी लसीकरण पुन्हा सुरू होते. गोवरासारख्या जिवंत लसी साधारण दोन वर्षांनंतर, तेही डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती तपासल्यावरच. चाळिशीचा शेतकरी तान्ह्या बाळाच्या लसी घेत असतो.

११/ १९५७ मध्ये प्रश्न होता, रुग्ण जगेल का? आज त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला आहे : तो कसा जगेल? त्याचे उत्तर रुग्णालयाइतकेच घरात आणि गावात आहे. भेटीला जाणाऱ्याने हात धुवावेत, सर्दी असेल तर दारातूनच विचारपूस करावी आणि पुढच्या लावणीची गोष्ट काढावी.